पताक हस्त: नवख्यांसाठी पहिला धडा

भरतनाट्यमच्या क्लासला नाव घातलं की पहिला महिना-दीड महिना नुसते पाय आपटण्यात जातो. हात कमरेवर, गुडघे वाकलेले, तट्टडवू (तालावर पाय आपटायचा पहिला सराव) चालू. मग एके दिवशी टीचर म्हणतात, "आता हात उघडा," आणि हाताला पहिलं नाव मिळतं ते पताक. दिसायला हा हस्त, म्हणजे हाताची मुद्रा, इतका सोपा की मुलांना वाटतं, यात शिकायचं ते काय? चार बोटं सरळ, अंगठा वाकवलेला, झालं. मी बेळगावच्या वडगावात घराच्या माडीवर क्लास घेते. माझा अनुभव उलटा आहे. पुढचे अवघड वाटणारे हस्त मुलं चार दिवसांत उचलतात. पताक मात्र पाच वर्षं शिकलेल्या मुलीचाही दुरुस्त करावा लागतो.

हा लेख नुकतं नाव घातलेल्यांसाठी आहे. त्याहून जास्त त्यांच्या आयांसाठी आहे, कारण घरी सराव त्याच घेतात आणि "असंच सांगितलंय टीचरनी" हे वाक्य त्यांनाच ऐकावं लागतं.

आधी नावाचं बघू

आपल्याकडे पताका म्हटलं की वारीत खांद्यावर घेतलेली भगवी पताका डोळ्यांपुढं येते. हाताच्या आकाराला नाव तिथूनच आलंय: सरळ उभा तळवा, वाऱ्यात ताठ झालेल्या फडक्यासारखा. ग्रंथात मात्र हस्ताचं नाव पुल्लिंगी आहे, पताक. क्लासात 'पताका मुद्रा' म्हणणारेही भेटतील. बोलण्यात ते चालून जातं, खरं तोंडी परीक्षेत 'पताकहस्त' म्हणायची सवय ठेवा. एका हातानं करायच्या हस्ताला 'असंयुत' म्हणतात आणि दोन्ही हात जोडून करायच्या हस्ताला 'संयुत'. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथात असंयुत हस्त २८ आहेत, भरताच्या नाट्यशास्त्रात २४. दोन्हीकडे यादी पताकापासूनच सुरू होते.

एक गंमत सांगते. याचं नाव पताक, तर झेंडा दाखवायचं काम याच्याकडेच असेल असं कुणालाही वाटेल. अभिनयदर्पणातल्या पताकाच्या उपयोगांत झेंडा नाही! 'ध्वज' सापडतो तो अर्धपताकाच्या यादीत, म्हणजे अनामिका आणि करंगळी दुमडलेल्या हातात. नाव एकाकडं, काम दुसऱ्याकडं. ही ओळ परीक्षेत विचारली की निम्मी मुलं फसतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

हात कसा करायचा

उजवा हात छातीसमोर आणा, तळवा पुढे. चारही बोटं सरळ करा आणि एकमेकींना चिकटवा. आता अंगठा वाकवून तर्जनीच्या मुळाशी, तळव्याच्या कडेला टेकवा. अंगठा तळव्यावर आडवा झोपवायचा नाही, बाहेरही सोडायचा नाही. कडेला टेकून गप्प बसला पाहिजे.

यात 'सरळ' या शब्दाचा घोळ होतो. मुलं बोटं इतकी ताणतात की ती मागं वळतात आणि मनगट थरथरायला लागतं. दहा मिनिटांत "हात दुखालाय ओ टीचर" सुरू. तसं करू नका. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात कधी नीट बघितलात? बोटं जुळलेली, तळवा सपाट, आणि तरीही हात मऊ. जोर असतो तो मनगटाच्या मागं. ताठ बोटांनी भाकरी थापली तर ती फाटते. मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते, घरी जाऊन आईच्या नाहीतर आजीच्या हाताकडं बघून या. ज्यांच्या घरी अजून परातीत भाकरी थापली जाते त्यांचा पताक लवकर येतो. हा शास्त्रीय निष्कर्ष नव्हे, माझं निरीक्षण आहे.

सरावासाठी जुनी लग्नपत्रिका घ्या. हिच्या जाड कागदाचे बोटभर रुंद तीन तुकडे कापा आणि चार बोटांच्या तीन फटींत एकेक धरा. हात पुढे, बाजूला, वर असा फिरवा. तुकडा पडला तर कुठलं बोट सुटतंय ते लगेच कळतं. बहुतेक वेळा करंगळी असते. करंगळी हे घरातल्या धाकट्या पोरासारखं आहे, सगळे एकत्र उभे असले तरी हिला जरा बाजूला जायचं असतं.

मनगट आणि कोपर विसरू नका. बोटांकडं लक्ष दिलं की कोपर खाली पडतं. कोपर पडलं की खांदा पडतो, आणि मग पताक कितीही सुरेख असला तरी लांबून बघणाऱ्याला तो फक्त दमलेला हात दिसतो. कोपराखाली कुणीतरी बोट धरून वर ढकलतंय असं समजा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरून उभं राहिलात की त्याच स्थितीला क्लासात 'नाट्यारंभे' म्हणतात. पहिल्या दोन महिन्यांत या शब्दाचा इतका मारा होतो, की झोपेतही ऐकू येईल.

शेजारी कोण कोण राहतं

पताकात जरा चूक झाली की तो चुकीचा पताक राहत नाही, दुसराच हस्त होतो. नवख्यांना हे सुरुवातीलाच कळलं तर बोटांची शिस्त आपोआप येते, कारण मग चूक म्हणजे दुसराच शब्द तोंडातून गेला असं वाटायला लागतं.

अनामिका वाकली की त्रिपताक. हा मुकुटाला, झाडाला, दिव्याला, बाणाला लागतो. ही चूक पहिल्या महिन्यात होत नाही, त्रिपताक शिकवल्यानंतर होते. बोटाला नवी सवय लागलेली असते, ते पताकातही हळूच खाली येतं.

बोटांची टोकं जरा पुढं वळून तळव्याला खोलगटपणा आला की सर्पशीर्ष. नागाची फणा त्यात आहेच. शिवाय पाणी शिंपडणं, चंदन, आणि कुस्तीगीर दंड थोपटतो ते सुद्धा त्यातच आहे. आपल्याकडे आखाड्यांची सवय असल्यामुळं मुलांना हे शेवटचं फार आवडतं, आणि मग क्लासभर थपाथप सुरू होते.

आणि अंगठा बाहेर सुटला की अर्धचंद्र. इथं जरा थांबते, कारण ही मला सगळ्यात आवडती जागा आहे. आपण मराठीत म्हणतो ना, 'त्याला अर्धचंद्र दिला', म्हणजे मानगूट धरून बाहेर काढला? लोकांना वाटतं ही कुणी तरी केलेली थट्टा. अभिनयदर्पण काढून बघा. अर्धचंद्र हस्ताच्या उपयोगांत वद्य अष्टमीचा चंद्र आहे, कंबर आहे, ध्यान आहे, आणि त्यांच्यातच 'गलहस्त' आहे, गळ्याला हात घालणं. अंगठा एकीकडं, चार बोटं दुसरीकडं, मधे मान. हात करून बघा, तो आकार बरोबर मानेच्या मापाचा आहे. नाचाचं नावसुद्धा न काढलेल्या माणसाच्या तोंडात हा हस्त रोज असतो. म्हणून अंगठा सुटलेल्या मुलीला मी म्हणते, "कृष्णाला आशीर्वाद द्यायचा होता, तू त्याला अर्धचंद्र दिलास." दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता अर्थ: हत्तीची गोष्ट

पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, "टीचर, या मुद्रेचा अर्थ काय?" पताकाचा एक अर्थ सांगताच येत नाही. अभिनयदर्पणातल्या श्लोकांत त्याचे चाळिसाच्या घरात उपयोग दिलेत. या उपयोगांना 'विनियोग' म्हणतात. नाट्याचा आरंभ, ढग, वन, नको म्हणणं, रात्र, नदी, घोडा, वारा, झोप, चांदणं, कडक ऊन, कवाड उघडणं, लाट, शपथ, गप्प बसणं, ताडपत्र, आशीर्वाद, मोठा राजा, समुद्र, तलवार, महिना, वर्ष, झाडलोट. व्याकरणातल्या सात विभक्त्यासुद्धा त्यात आहेत! रात्र आणि कडक ऊन एकाच हाताची. नवखा माणूस इथं हात टेकतो.

बाहेरच्या माणसाला हे समजावायला जड जातं, आपल्या भागातल्या पोराला जाऊ नये. 'हत्ती' हा शब्द घ्या. अनगोळातल्या मराठी घरात हत्ती म्हटलं की सोंडवालं जनावर. तेच पोर रविवार पेठेत कन्नड बोलणाऱ्या दुकानदारापुढं 'हत्ति' म्हणालं तर तो कापूस काढून देईल. कन्नडमध्ये हत्ति म्हणजे कापूस, आणि जनावराला ते 'आने' म्हणतात. कुठल्या घरात, कुणाशी, कुठल्या वाक्यात बोलतोय त्यावरून आपण एका क्षणात ओळखतो. कधी विचारही करत नाही. पताकाचं असंच आहे. तो कुठल्या उंचीला आहे, तळवा कुठं बघतोय, हात कसा हलतोय आणि डोळे कुठं आहेत, या चार गोष्टींवरून ढग आहे की 'नको' आहे ते ठरतं.

आणखी एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. प्रत्येक पताकाला अर्थ असतोच असं नाही. अडवू (नाचातल्या मूळ हालचाली) करताना, तालावर नुसतं नाचताना (याला 'नृत्त' म्हणतात) पताक फक्त रेषा असतो, रांगोळीतल्या रेषेसारखा. तिथं "हा ढग की नदी?" विचारायचं नाही. पदाचा अर्थ सांगायला लागलो की हात बोलायला लागतो.

पाच अर्थ, जवळून

सगळे एकदम घेऊ नका. हे पाच पुरेत.

*कवाड.* हे सगळ्यांत आधी शिकवते, कारण यात चुकायला जागा कमी. श्लोकातला शब्द 'कवाटपाटन', आणि आपल्याकडे अजूनही दाराला कवाडच म्हणतात, त्यामुळे पाठांतराची गरज नाही. दोन्ही पताक चेहऱ्यासमोर उभे, तळवे पुढं, दोन्ही तर्जनीच्या कडा एकमेकींना लागलेल्या. ही बंद कवाडाची दोन दारं. आता ती बाजूंना उघडा. एकदम फटकन नको. जुन्या वाड्याचं दार कसं उघडतं? आधी जरा अडतं, मग बिजागरी कुरकुरते, मग सुटतं. मनगटात तो अडकलेला क्षण आला पाहिजे. आणि दार उघडलं की डोळे आत गेले पाहिजेत. दार उघडून भिंतीकडं बघणारी मुलगी मी दर वर्षी बघते.

*नदी.* एक पताक, तळवा जमिनीकडं, कमरेच्या जरा वर. हात बाजूला जाताना मनगटातून लहान लहान लाटा. खांदा हलवायचा नाही. इथं मी खानापूर तालुक्यातल्या मुलींना त्यांचीच नदी करायला सांगते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिथं ती एवढीशी, नंतर रुंदावते. मग हाताची लाटसुद्धा आधी बारीक, नंतर मोठी. नदी आणि समुद्र, दोन्ही पताकाच्याच यादीत आहेत. समुद्र करताना दोन्ही हात, लाट मोठी आणि नजर लांब क्षितिजाला. नदीत नजर पाण्याबरोबर वाहते.

*ढग.* दोन्ही पताक डोक्याच्या वर, हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. नजर वर. जूनमध्ये जांबोटीच्या बाजूनं काळं भरून येतं ते डोळ्यांपुढं आणा. ढग भरभर पळत नाहीत, अंगावर येतात. वेग कमी ठेवा.

*नको.* एक किंवा दोन पताक छातीसमोर, तळवा समोरच्या माणसाकडं, हात आडवा हलतो. नजर सरळ त्या माणसावर, मान जरा मागं.

ढग आणि नको, दोन्हीत पताक आहे आणि दोन्हीत हात आडवा हलतो, हे लक्षात आलं का? उंची आणि नजर सोडली तर दोघांत फरक नाही. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत माझा एकटीचा कार्यक्रम होता. मांडवाचं कापड मधेच खाली आलेलं, त्याला झालर. ढग दाखवायला हात वर नेले की बोटं झालरीत अडकायला लागली. मग मी हात खाली आणले, छातीपर्यंत. त्यात ध्वनिक्षेपकवाला काही तरी खुणावत होता, म्हणून नजर वरची खाली त्याच्यावर आली. पुढच्या रांगेत सतरंजीवर एक म्हातारी बसलेली. गाणं चालू असतानाच ती शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "ती पोरगी आमाला नको नको का म्हणालीया गं?"

म्हातारीनं कधी अभिनयदर्पणाचं नाव ऐकलं नसणार. तिनं बरोबर वाचलं होतं. मी चुकीचं बोलले होते.

*झाडलोट.* श्लोकात 'संमार्जन'. हा शहरातल्या मुलींना कठीण जातो, कारण त्यांनी सारवताना कुणाला पाहिलेलंच नसतं. तळवा जमिनीकडं, बोटं जुळलेली, हात आतून बाहेर अर्धगोल काढतो, मग जरा मागं सरकून पुढचा अर्धगोल. खेड्यातल्या अंगणात शेणानं सारवलेल्या जमिनीवर हे अर्धगोल अजून दिसतात, एकावर एक चढलेले. हात उचलायचा नाही, जमिनीवरून ओढायचा. या अर्थात नजर हाताच्या जरा पुढं असते, जिथं अजून सारवायचं राहिलंय तिथं. एवढा बारकावा आला की मुलीच्या हातात बादली नसताना बादली दिसायला लागते.

बाकीचे थोडक्यात. ताडपत्र करताना डावा पताक पान होतो आणि उजवा हात त्यावर लिहितो. झोप दाखवताना पताक गालाशी येतो आणि मान त्यावर कलते. आशीर्वादाला तळवा पुढं आणि जरा खाली झुकलेला, नजर गुडघ्याशी बसलेल्या माणसावर. शपथ, महिना, वर्ष हे पुढच्या वर्षी.

तलवारीबद्दल मात्र दोन शब्द. वैशाखातल्या शिवजयंतीला आपल्या बेळगावात चित्ररथ निघतात. जिवंत देखाव्यात मावळा झालेल्या मुलांना लाकडी तलवार मुठीत धरायची सवय असते. क्लासात आल्यावर तीच मुलं तलवार म्हटलं की मूठ वळतात. मूठ म्हणजे 'मुष्टि' हस्त, वस्तू घट्ट धरण्याचा. पताकानं तलवार दाखवताना हात तलवार धरत नाही, हातच पातं होतो. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळं पोलाद. दोन्ही रीती रंगमंचावर चालतात, पण आपण काय करतोय ते करणाऱ्याला माहीत पाहिजे. अर्धी मूठ, अर्धा पताक असं झालं की तलवारीचं लाटणं होतं.

जोडले की

दोन पताकांचे तळवे जुळवले की अंजली, आपला रोजचा नमस्कार. त्यातही उंची आहे: देवासाठी डोक्यावर, गुरूसाठी चेहऱ्यासमोर, ब्राह्मणांसाठी छातीशी, असं अभिनयदर्पण सांगतं. दोन पताक मनगटांवर एकमेकांवर ठेवले की स्वस्तिक, त्यानं मगर दाखवतात. मांड्यांजवळ सैल सोडले की डोल. संयुत हस्तांकडं वळाल तेव्हा हे तिन्ही फुकटात येतील, म्हणून इथं जास्त वेळ घालवत नाही.

मोबाइलवर बघून गोंधळू नका

हल्ली मुलं घरी जाऊन मोबाइलवर नाच बघतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन माझी चूक काढतात. "टीचर, त्या कथकलीवाल्यानं पताक म्हणून बोट वाकवलं की ओ." बरोबरच आहे. कथकली वेगळ्या ग्रंथावर चालते, हस्तलक्षणदीपिकेवर, आणि तिथं मूळ हस्त २४. त्यांच्या पताकात अनामिका वाकलेली असते, म्हणजे आपला त्रिपताक. आणि त्यांचा त्रिपताक हा जवळपास आपला पताक. नावांची अदलाबदल. कुणीच चुकत नाही, फक्त घर वेगळं. पहिली दोन वर्षं एकाच घरात राहा, मग खुशाल शेजारी डोकवा.

श्लोक पाठ करताना

परीक्षेला बसायचं असेल तर विनियोगाचे श्लोक पाठ करावेच लागतात. आपल्याकडे काही मुलं कर्नाटकच्या ज्युनिअर, सीनिअर, विद्वत या पायऱ्यांनी जातात, काही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. श्लोक दोन्हीकडं संस्कृतच. अडचण वेगळीच असते. बऱ्याच क्लासात शिकवणं कन्नडमध्ये, पद कधी कन्नड देवरनाम (भक्तिगीत) तर कधी तेलुगू, श्लोक संस्कृत, आणि पोरगी घरी मराठी. ती सगळं शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवते, ऐकू येईल तसं. 'वारिवाहे'चं 'वारी वाहे' होतं. एका वहीत मी त्याच्यापुढं 'पंढरपूर' लिहिलेलं बघितलंय.

हसू आलं तरी चूक कुठं झाली ते बघा. वारिवाह म्हणजे पाणी वाहून नेणारा, ढग. म्हणून पाठांतराच्या आधी शब्द फोडा. 'नाट्यारम्भे वारिवाहे वने वस्तुनिषेधने' ही पहिली ओळ एका ओळीवर लिहा, खाली प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लिहा, त्याच्या खाली हात कुठं आणि नजर कुठं. मग तोंडानं शब्द आणि हातानं अर्थ, दोन्ही बरोबर. नुसतं तोंडपाठ केलेला श्लोक परीक्षेच्या खोलीत अर्ध्यात तुटतो, हाताबरोबर केलेला तुटत नाही, कारण तोंड अडलं तरी हात पुढं जाऊन शब्द ओढून आणतो.

कन्नड पदांचंही हेच करा. शब्दाचा अर्थ टीचरना विचारायला लाजू नका. अर्थ न कळता हात हलवणं म्हणजे ज्या भाषेतला एक शब्द येत नाही त्या भाषेत भांडण करणं. शेजारपाजार सांभाळून राहिलेल्या आपल्या लोकांना त्याचा धोका वेगळा सांगायला नको.

घरची चाचणी

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं लग्नपत्रिकेचे तुकडे, पाच मिनिटं आरशासमोर वर सांगितलेल्या पाच अर्थांपैकी एकच, आणि शेवटची पाच मिनिटं आरशाकडं पाठ करून. आरसा लबाड असतो. त्याच्यात बघत राहिलं की नजर हातावर न जाता स्वतःच्या तोंडावर राहते, आणि नजर गेली की अर्थ गेला.

आठवड्यातून एकदा घरातल्या अशा माणसाला समोर बसवा ज्याला नाचातलं काही कळत नाही. आजी असेल तर उत्तम. गाणं लावू नका, शब्द बोलू नका. एक लहान गोष्ट नुसत्या पताकानं सांगा: कवाड उघडलं, बाहेर ढग भरून आलेत, नदीला पाणी आलंय, कुणी तरी बाहेर बोलवतंय, नको म्हटलं, येऊन झोपले. मग विचारा, काय दिसलं? आजीनं चुकीचं सांगितलं तर तिला समजावत बसू नका. परत करा, उंची बदलून, नजर बदलून, ती बरोबर सांगेपर्यंत.

येळ्ळूरची माझी एक नऊ वर्षांची विद्यार्थिनी गेल्या महिन्यात ही गोष्ट घरी करून आली. आजीनं ढग ओळखले, नदी ओळखली, नको ओळखलं, झोपसुद्धा ओळखली. "मग काय म्हणाली?" मी विचारलं. पोरगी जरा खट्टू होती.

"म्हणाली, कवाड उघडलीस, खरं लावलीस कुठं? रात्रीचं मांजर येतंय की."